उद्या उधार

स्कॅल्बी गॅपला समुद्र दर हिवाळ्यात
थोडी जमीन खातो, कडेकडेनं,
दात नसलेलं माणूस भाकरी खातं तशी.
तिथं थर्लो भावंडांकडे माझी रात्रपाळी.
क्लेमंट एक्क्याण्णवचा, विनिफ्रेड दोनच वर्षांनी धाकटी.
दोघांच्या गोळ्यांचे डबे वेगळे,
जगाचे शेवटही वेगळे.

क्लेमंट म्हणतो, होऊन गेलं सगळं.
सत्तर साली.
मला आधी वाटलं एकोणीसशे सत्तर,
आईचं लग्न झालं ते साल.
नुसतं सत्तर, बाई!
रोमी फौज, यरुशलेमला वेढा, मंदिराची राख.
ज्यांना सांगितलं होतं
त्यांच्याच हयातीत, त्यांच्याच डोळ्यांदेखत.
पशू कोण, शिक्के किती, कर्णे कुठले,
सगळं बोटांवर जमा धरून
तो हवेत आडवी रेघ मारतो,
खातं मिटल्यावर वहीत मारतात तशी.
आपण, म्हणतो, त्या रेघेच्या खाली राहतो.

मग मेलेले उठले का, मी विचारते
पायांना मलम चोळता चोळता.
एका अर्थी, म्हणतो क्लेमंट,
आणि दुसरा पाय पुढे करतो.

विनिफ्रेड कानातलं यंत्र काढून बशीत ठेवते.
तिची बॅग दाराशी आहे, एकोणीसशे बासष्टपासून.
आत धुतलेला झगा, चालायचे बूट,
पुदिन्याच्या गोळ्या,
सार्डिनचा एक डबा, ज्याची मुदत
माझं लग्न व्हायच्या आधीच संपली,
आणि लोकरीचा मफलर.
ढगांत गारठा असणार, ती मला समजावते,
एवढं साधं कुणी लिहून ठेवलं नाही.

आमचे अप्पा देवळाची घंटा वाजवायचे,
उरलेल्या वेळात किराणा विकायचे.
दुकानात पाटी: आज रोख, उद्या उधार.
मी पाच-सहा वर्षांची असताना
रोज सकाळी जाऊन बघायची, उद्या आला का.
एकदा विचारलं, प्रभू कधी येणार?
अप्पांनी हातातल्या मापानं पाटी दाखवली
आणि हसले.
मग एकदम गप्प होऊन, कारण नसताना,
मला गुळाचा खडा दिला.

फेब्रुवारीत एका रात्री घर हललं.
सकाळी दफनभूमीची भिंत नव्हती.
कड्याच्या पिवळ्या मातीतून
कुणाची तरी नडगी बाहेर आलेली,
पलीकडे फळकुटाचा तुकडा, पितळी कडी.
मेलेले बाहेर आले होते,
एका अर्थी.
पण हे मी क्लेमंटला बोलले नाही.
त्याची आई त्याच रांगेत होती.

कौन्सिलची माणसं आली, चकचकीत जाकिटांतली,
अदबीनं बोलणारी.
अठ्ठेचाळीस तास, म्हणाली.
आणि ज्याचं सगळं होऊन गेलं होतं
तो खुर्चीच्या हाताला धरून रडला,
अजून नको, अजून नको म्हणत.
आणि जी बासष्टपासून निघालेली होती
तिनं बॅग उघडली,
एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली,
मोजली, परत मोजली,
आणि त्या पोरसवदा माणसाला म्हणाली,
मला थोडा वेळ लागेल,
माझी काहीच तयारी नाही.

गाडीत दोघं मागे बसली, मधे बॅग.
विनिफ्रेडनं यंत्र कानात घातलं,
वळून भावाकडे पाहिलं, ऐकायला.
क्लेमंट काही बोलला नाही.
तिनं मफलर त्याच्या गळ्याभोवती गुंडाळला
आणि गाडी चर्चच्या वळणावरून गेली
तेव्हा दोघांनी खिडकीबाहेर बघायचं टाळलं.

सार्डिनचा डबा टेबलावरच राहिला होता.
फेकायला म्हणून मी उचलला.
माझ्या पर्समध्ये आहे अजून,
किल्ल्यांवर खणखणतो.
टाकीन उद्या.